अरुंद गावरस्त्यावर सायकल आणि गाडी: साइड कशी द्यावी, कशी घ्यावी

गावाला जोडणारा डांबरी रस्ता टेप लावून मोजला, तर बहुतेक ठिकाणी तो पावणेचार मीटर भरतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकपदरी रस्त्याला हेच ३.७५ मीटरचं माप धरलेलं आहे, आणि वाहतूक फार कमी असेल तिथे ते ३ मीटरवर येतं. डांबराच्या दोन्ही कडांना मुरमाची साइडपट्टी असते, पण दोन-तीन पावसाळ्यांत तिचा मुरूम वाहून जातो आणि डांबराची कड पायरीसारखी उघडी पडते.

आता या मापात वाहनं बसवून पाहा. अल्टो दीड मीटर रुंद. बोलेरो पावणेदोन, दोन्ही आरसे धरले तर दोन. एसटी अडीच मीटरच्या आसपास. सायकलस्वाराचे खांदे आणि हँडल मिळून ६० सेंटिमीटर घेतात आणि तो कडेपासून ४० सेंटिमीटर आत चालतो, म्हणजे त्याला एक मीटर लागतो. उरले पावणेतीन मीटर. बोलेरोचा उजवा आरसा पलीकडच्या कडेवर ठेवून ती शेजारून गेली, तरी दोघांत पाऊण मीटरच राहतो. एसटी असेल तर पाव मीटर, म्हणजे वीतभर. खड्डा चुकवताना किंवा चढावर पायडल दाबताना सायकल सहज एवढी हलते.

म्हणून या रस्त्यावर ‘जरा सांभाळून जाऊ’ म्हणून भागत नाही. कोण थांबणार, कोण खाली उतरणार आणि कुठे, हे आधी ठरायला हवं. आमच्या मते सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: चालत्या सायकलने डांबर सोडायचं नाही. सायकल एकतर डांबरावर चालेल, नाहीतर थांबून बाजूला उभी राहील. अधलंमधलं काही नाही.

साइडपट्टीवर उतरायचं कोणी

कारचं चाक मोठं असतं आणि टायर १६-१७ सेंटिमीटर रुंद. ते अशी पायरी कमी वेगाने उतरू आणि चढू शकतं. सायकलचा टायर फार तर चार-पाच सेंटिमीटरचा. तो कडेवरून खाली गेला की पुढचं चाक डांबराच्या भिंतीला घासत राहतं, हँडल वळत नाही, आणि स्वाराने घाबरून उजवीकडे ओढलं की चाक कडेला अडकून सायकल आडवी होते. स्वार पडतो तो डांबरावर, उजव्या बाजूला, म्हणजे नेमका गाडीच्या चाकांपुढे. साइडपट्टीवरचे बरेच अपघात दिसायला ‘सायकलवाला मध्ये आला’ असे दिसतात, पण त्यांचं कारण हे असतं.

तेव्हा रिकामी कार, जीप, छोटा हत्ती यांनी आपली डावी चाकं साइडपट्टीवर घालावीत. चाकं अर्धा मीटर खाली गेली की बोलेरो डांबराचा दीड मीटर व्यापते, सव्वादोन मीटर मोकळे राहतात, आणि त्यातला मीटर सायकलला दिला तरी मध्ये सव्वा मीटर उरतो. वेग २०च्या खाली असेल तर एवढं अंतर पुरतं. मात्र उतरण्याआधी वेग कमी करा, उतरताना करू नका. खडीवर ब्रेक मारला तर गाडी घसरते आणि खडी उडून सायकलवाल्याच्या पायांवर, तोंडावर बसते.

भरलेला ट्रक, डंपर, दुधाचा टँकर, उसाची ट्रॉली आणि प्रवाशांनी भरलेली एसटी यांच्याकडून ही अपेक्षा धरू नये. पावसात भिजलेली साइडपट्टी त्यांच्या वजनाने खचते आणि गाडी कलंडते. यांच्यासाठी सायकलनेच थांबायचं. त्यात कमीपणा नाही. सायकल उचलून बाजूला घेता येते, बारा टनांची गाडी घेता येत नाही.

थांबायचं कसं, हेही शिकून घ्यावं लागतं:

१. जागा आधी हेरा. शेतात उतरणारी वाट, घराचं अंगण, एसटीचा थांबा, विहिरीकडे जाणारा रस्ता, देवळापुढची मोकळी जागा. गावरस्त्यावर दर शंभर-दोनशे मीटरला असं काहीतरी सापडतं. गाडीचा आवाज आला की पुढची जागा जवळ आहे की मागची, एवढंच ठरवा.

२. वेग डांबरावरच शून्यावर आणा आणि डावा पाय खाली टेका. पाय टेकण्याआधी तिथे काय आहे ते बघा. पावसाळ्यात गवताखाली गटार असतं, पाटाची कड असते, कधी नुसतीच पोकळी असते.

३. उतरा आणि सायकल ढकलत बाजूला घ्या. तुम्ही कडेच्या बाजूला, सायकल रस्त्याच्या बाजूला. हँडल किंचित डावीकडे वळवून ठेवा, म्हणजे त्याचं उजवं टोक रस्त्यात येत नाही.

४. मग हात करा. पाय टेकण्याआधी ‘या’ म्हणून हात हलवला तर ड्रायव्हर वेग वाढवतो आणि तुम्ही अजून हलतच असता.

डाव्या बाजूला गडगा, बांध किंवा कठडा असेल आणि खाली उतरायला जागाच नसेल, तर त्या तुकड्यात शिरण्याआधी थांबा. शिरल्यावर गाडी समोर आली, तर भिंतीला चिकटून चालत राहण्यापेक्षा रस्त्याच्या मध्यावर येऊन हात वर करून गाडी थांबवणं सुरक्षित आहे. ड्रायव्हरला राग येईल, पण गाडी थांबेल.

चाक चुकून कडेखाली गेलंच, तर लगेच वर यायचा प्रयत्न करू नका. पायडल थांबवा, हँडल सरळ धरा, मागचा ब्रेक हळू लावा आणि थांबा. थांबणं शक्यच नसेल, तर आधी कडेपासून आणखी हातभर डावीकडे जा, मग अंगाचा भार मागे घेऊन शक्य तेवढ्या आडव्या कोनात वर या. कड जितक्या समांतर ओलांडाल तितकं चाक अडकतं.

समोरून गाडी येते तेव्हा

दुपदरी रस्त्यावर शिकवलं जातं, की दिसतं तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे. एकपदरी रस्त्यावर हे पुरत नाही. समोरचाही तुमच्याच पट्ट्यातून येतोय, म्हणून दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. उरलेलं निम्मं अंतर त्याचं.

कोरड्या डांबरावर, धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी कार थांबायला सुमारे १८ मीटर घेते, ४०ला २७ मीटर आणि ६०ला जवळजवळ ५० मीटर. वळणावर ४० मीटर दिसत असेल तर तुमच्या वाट्याला २० आले, म्हणजे वेग ३०. साठने त्या वळणावर शिरलेल्या ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही, मग तो कितीही तरबेज असो. सायकललाही हेच लागू आहे. उतारावर २५ने येणारी चांगल्या ब्रेकची सायकल १५-१६ मीटर घेते.

किती दिसतं हे ऋतूवर ठरतं, आणि ओळखीच्या रस्त्यावर नेमका इथेच घात होतो. वैशाखात शेत रिकामं असताना जे वळण आरपार दिसतं, तेच दिवाळीच्या सुमाराला दोन्ही बाजूंच्या उसामुळे भिंतीसारखं बंद होतं. कोकणात जून-जुलैत करवंदीच्या जाळ्या आणि गवत रस्त्यावर झुकतं. रोजच्या रस्त्याचा अंदाज दर दोन महिन्यांनी नव्याने घ्यावा.

बंद वळणावर सायकलस्वाराने नेमकं कुठे असावं? डावीकडे वळणारा रस्ता असेल तर अगदी डाव्या कडेला चिकटू नका. तिथून तुम्हाला सर्वांत कमी दिसतं आणि तुम्हीही सर्वांत उशिरा दिसता. शिवाय वळण कापत येणारा ड्रायव्हर नेमका त्या आतल्या कडेला येतो. वळणाआधी मागे बघून थोडं मध्यावर सरका, वेग कमी करा, समोर गाडी दिसली की डावीकडे या. उजव्या वळणावर उलट. तिथे डावी कड बाहेरची असते, तिथून जास्त दिसतं, तिथेच राहा.

वळणाआधी हॉर्न वाजवावा का? वाजवावा. एकदा, आखूड, वळणाच्या ३०-४० मीटर आधी, आणि नंतर ऐकावं. बरेच ड्रायव्हर पहिला भाग करतात आणि दुसरा सोडतात. काच चार बोटं खाली असेल आणि गाणी बंद असतील तरच समोरच्याचा हॉर्न किंवा सायकलची घंटी कानावर येते. सायकलस्वारानेही कानातले इयरफोन काढून ठेवावेत. या रस्त्यावर डोळ्यांच्या आधी कान सांगतात. ई-रिक्षा आणि विजेवरच्या स्कूटर मात्र आवाज करत नाहीत, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबूनही चालत नाही.

चढ-उताराचा नियम कायद्यातच आहे. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार डोंगरी किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन वाहनं मोकळेपणाने जाण्याइतकी जागा नसेल, तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम १९८९च्या जुन्या विनियमांतही होता. सायकलच्या बाबतीत तर तो जास्तच पाळावा, कारण चढावर सायकल ताशी ६-७ किलोमीटरने जाते, त्या वेगाला ती सरळ रेषेत राहत नाही, आणि एकदा थांबली की तीव्र चढावर परत सुरू करणं कठीण जातं. खाली येणाऱ्या कारने रुंद जागी थांबून तिला वर येऊ द्यावं. उलट तुम्ही सायकलवर उतरत असाल आणि खालून भरलेला ट्रक येत असेल, तर तुम्ही थांबा. मध्येच थांबवलेला ट्रक क्लचवर उचलताना मागे सरकतो.

मागून गाडी येते तेव्हा

ड्रायव्हरांसाठी आधी थोडा हिशेब. सायकल १५ने चालली आहे, तुम्ही ३५ने तिला ओलांडता. मागे १० मीटर अंतर ठेवून बाहेर पडणं, पुढे १० मीटर गेल्यावर परत आत येणं, गाडीची आणि सायकलची लांबी धरून हे सगळं पावणेपाच सेकंदांत होतं आणि तेवढ्यात तुम्ही ४५ मीटर पुढे गेलेले असता. समोरून ४०ने गाडी आली तर तीही तेवढ्यात ५० मीटर येते. म्हणजे निदान १०० मीटर रस्ता मोकळा आणि सरळ दिसत नसेल, तर ओलांडायला सुरुवातच करू नये.

थांबल्याने किती वेळ जातो? सायकलमागे १५च्या वेगाने ३०० मीटर गेलात तर ७२ सेकंद लागतात, ४०ने गेला असतात तर २७. फरक पाऊण मिनिटाचा. आणि ३०० मीटरमध्ये बहुधा एखादी रुंद जागा येतेच.

मागे राहायचं ते १०-१५ मीटर अंतर ठेवून. अगदी मागे लागून इंजिन घुमवलं की सायकलवाला वळून बघतो, आणि वळून बघताना हँडल नकळत उजवीकडे जातं. हॉर्नचंही तसंच. ५० मीटरवरून एकदा आखूड वाजवला तर माणसाला कळतं की गाडी आहे. पाच मीटरवरून कर्कश वाजवला तर तो दचकतो आणि दचकलेला माणूस कुठेही वळतो. प्रेशर हॉर्नने तर सायकलवरचं लहान मूल पडू शकतं.

ओलांडताना उजवी चाकं पलीकडच्या साइडपट्टीवर उतरवावी लागतील. तिथे काय आहे ते दिसत नसेल तर थांबा. मोरीवर, फरशी पुलावर आणि गतिरोधकाच्या अलीकडे-पलीकडे २० मीटर कधीच ओलांडू नका. मोरीवर कठडे रस्त्याला लागून असतात, आणि पांढरे पट्टे पुसलेला गतिरोधक सायकलवाल्याला अचानक दिसतो, मग तो त्याची मोडलेली बाजू शोधत आडवा जातो.

सायकलस्वाराचं काम इथे दोन प्रकारचं आहे. मोरी, गडग्यामधला अरुंद तुकडा, बंद वळण अशा जागी रस्त्याच्या मध्यावर चाला. त्यातून मागच्याला स्पष्ट कळतं की आता जागा नाही. कडेला चिकटून चाललात तर ‘बसेल गाडी’ असं त्याला वाटतं आणि तो घुसतो. पण तो तुकडा संपला की लगेच डावीकडे या आणि हात करून त्याला वाट द्या. मध्यावर राहण्याचा हक्क तेवढ्या तुकड्यापुरता असतो. पुढेही अडवून धरलं, तर मागचा माणूस पुढच्या सायकलवाल्यावर राग काढतो.

मागे बघण्याची सवय मैदानावर करून घ्यावी. उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवा, डावा हात सैल ठेवा, हनुवटी उजव्या खांद्याला लावा. दोन्ही हात घट्ट धरून मागे बघितलं तर सायकल हमखास उजवीकडे ओढली जाते. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा लावला तर निम्मं काम सोपं होतं.

मोठी गाडी जवळून जाताना हवेचा धक्का बसतो. आधी बाहेर ढकलतो, आणि गाडीचा मागचा भाग निघून जाताना आत ओढतो. पहिल्या धक्क्याला सावरायला म्हणून उजवीकडे झुकाल, तर दुसरा तुम्हाला गाडीमागेच नेईल. हँडल सैल, कोपर वाकलेले, पायडल चालू, नजर पुढे. गाडी गेल्यावरही दोन सेकंद रेषा सोडू नका, कारण तिच्या मागे आणखी एक असू शकते.

कोणती गाडी कशी वागते

ऊस. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या पुढेही चालतो. या काळात पश्चिम महाराष्ट्रात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर ही सायकलवाल्याने सर्वांत जास्त ओळखून असावी अशी गाडी. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरने ब्रेक लावला तरी मागचं वजन ढकलत राहतं, उतारावर तर जास्तच. दुसरी ट्रॉली खड्ड्यात गेली की शेपटीसारखी डावी-उजवी झोलते. उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात आणि ती बरोबर तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, इंजिन आणि टेपच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही. आणि डबल ट्रॉली मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून कार असली तरी मागे कारनेच जायचं. सायकलने डांबर पूर्ण सोडून उभं राहायचं. मागून तिला ओलांडायची घाई करू नये. २० मीटर मागे राहा, ऊस गळून पडतो आणि चेंगरलेल्या उसावर चाक घसरतं. रात्री बंद पडलेली ट्रॉली रिफ्लेक्टरशिवाय उभी असते, आणि ती निघून गेली तरी चाकांमागे लावलेले दगड रस्त्यातच राहतात. ट्रॅक्टरवाल्यांना कळकळीची विनंती, की निघताना ते दगड उचला. पहाटे दूध घालायला जाणाऱ्या सायकलवाल्याला ते दिसत नाहीत.

बैलगाडीजवळ घंटी वाजवू नये, बैल बुजतो. गाडीवानाला आवाज द्या, त्याने मागे बघितलं की उजवीकडून सावकाश निघा.

एसटी सर्वांत बेभरवशाची वाटते, पण खरं तर तिच्याशी जुळवून घेणं सोपं आहे, कारण तिचं वेळापत्रक असतं. एकाच गावाला जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी, शाळेच्या वेळची आणि संध्याकाळची, एवढ्याच फेऱ्या असतात. थांब्यावर विचारून घ्या आणि त्या वेळी अरुंद तुकड्यात राहू नका. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता आतून जातात, म्हणून वळणावर एसटीच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहू नये. समोर जागा दिसली तरी ती पुढच्या चार सेकंदांत राहणार नाही. एसटी थांबलेली असेल तर डावीकडून जाऊ नका, उतारू तिकडे उतरतात.

वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप, कुठेही थांबते आणि मागे लटकलेली माणसं चालत्या गाडीतून उतरतात. तिच्या मागे १० मीटर ठेवा. थांबलेल्या कोणत्याही गाडीजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढं, म्हणजे मीटरभर अंतर असावं. ड्रायव्हरनी उजवं दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावून घ्यावी. त्यासाठी अंग वळवावं लागतं, आणि वळलं की मागचा रस्ता आपोआप दिसतो.

रेवस-रेडी सागरी मार्गाने अलिबागकडून खाली येणाऱ्या सायकलस्वारांसाठी एक वेगळी गोष्ट. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांवर फेरीबोट आहे. बोट लागली की तिच्यातल्या सगळ्या गाड्या एका दमात बाहेर पडतात आणि जेटीपासून वर चढणाऱ्या चिंचोळ्या रस्त्याला लागतात. त्यांच्यापुढे सायकल दामटण्यात अर्थ नाही. जेटीवर पाणी प्या, टायरची हवा बघा, शेवटची गाडी गेली की निघा. पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा. उलट दिशेने जेटीकडे उतरत असाल, तर बोट लागताना दिसली की वरच्या रुंद जागेवर थांबा.

शाळेची मुलं, दूधवाले आणि सायकलींचा ग्रुप

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे अनेक तालुक्यांत सकाळी दहाच्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावरस्ता मुलींच्या सायकलींनी भरलेला असतो. मुली गप्पा मारत तिघी-चौघी शेजारी चालतात, ते स्वाभाविक आहे. धोका असतो तो हॉर्न वाजल्यावर, निम्म्या डावीकडे जातात, निम्म्या उजवीकडे, आणि मग एखादी मैत्रिणीकडे जायला रस्ता ओलांडते. शाळेत पाच मिनिटं देऊन एकच गोष्ट पक्की करून घ्यावी: गाडी पुढून येवो की मागून, सगळ्यांनी डावीकडेच जायचं, आणि गाडी गेल्यावर पुढची म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. ड्रायव्हरने घोळका दोन्ही बाजूंना विभागलेला दिसला तर मधून जाऊच नये. थांबावं, त्यांना एका बाजूला येऊ द्यावं.

दुधाचे कॅन किंवा वैरणीचा भारा लादलेली सायकल एक मीटरहून रुंद होते, आणि भाऱ्यामुळे स्वाराला मागचं ना दिसतं ना नीट ऐकू येतं. तो साइड देईल अशी वाट बघू नका. त्याला थांबून परत निघणं सर्वांत अवघड जातं, म्हणून तिथे गाडीनेच जागा करून द्यावी.

शहरातून येणाऱ्या ग्रुपने अरुंद रस्त्यावर एकामागे एक चालावं, चार-पाच जणांची तुकडी करावी आणि दोन तुकड्यांत निदान ४० मीटर सोडावेत. वीस सायकलींची सलग रांग ओलांडायला गाडीला जागाच मिळत नाही. मध्ये मोकळी जागा असेल तर ती एक तुकडी ओलांडून आत शिरू शकते. सर्वांत मागच्याने ‘मागून गाडी’ आणि सर्वांत पुढच्याने ‘पुढून गाडी’ असं ओरडून सांगावं. नुसतं ‘गाडी’ म्हटलं की सगळे चुकीच्या दिशेला बघतात.

अंधार आणि पाऊस

डिपरवर हेडलाइट साधारण ४०-५० मीटर रस्ता दाखवतो. निम्म्या अंतराचा नियम लावला तर रात्री अरुंद रस्त्यावर वेग ३०-३५च्या वर जाऊ नये. सायकल समोर दिसली तरी डिपर द्या. नुसत्या गाडीसाठीच द्यायचा अशी समजूत आहे, ती चुकीची. अपरच्या झोतात सायकलवाल्याला डांबराची कड दिसेनाशी होते आणि तो थेट खाली जातो. सायकलस्वाराने झोतात बघू नये, डाव्या कडेवर नजर ठेवावी, दिसेनासं झालं तर थांबावं.

सायकलला मागे लाल दिवा, शिवाय मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर, कारण दिव्याचा सेल कधी संपतो ते चालवणाऱ्याला कळत नाही. पुढे पांढरा दिवा, त्याचा झोत जमिनीकडे. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. ते वर-खाली हलतात, त्यामुळे ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबून ओळखता येतं. स्पोकमध्ये लावलेले बाजूने येणाऱ्याला दिसतात.

पावसात थांबण्याचं अंतर दुप्पट धरा. दांड्याचे ब्रेक आणि स्टीलची रिम असलेल्या साध्या सायकलचं तर त्याहूनही वाढतं, कारण ओल्या स्टीलवर रबर धरतच नाही. उतार लागण्याआधी ५०-६० मीटर ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या, मगच उतरा. कोकणातल्या लाल चिखलात रबर लवकर झिजतं, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. झाडांच्या दाट सावलीत डांबरावर शेवाळ धरतं, तिथे ब्रेकही नको आणि हँडलही वळवायचं नाही. आणि चाकापुढे पाणी साचलेलं असेल तर ड्रायव्हरने वेग अगदी कमी करावा. अंगावर उडालेलं गढूळ पाणी डोळ्यांत गेलं की सायकलवाला दोन-तीन सेकंद आंधळाच असतो.

धक्का लागलाच तर

गाडी थांबवायची आणि जखमीला मदत मिळवून द्यायची, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवावं लागतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. रस्त्याचं नाव सांगता येत नसेल तर जवळच्या मैलाच्या दगडावरचा किलोमीटर आणि गावाचं नाव सांगा. मदतीला धावणाऱ्या तिसऱ्या माणसाला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्यामुळे चौकशीच्या भीतीने कुणी मागे राहू नये. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला उचलून जीपमध्ये टाकू नका. त्याला आहे तिथेच ठेवा आणि दोन्ही बाजूंना ५० मीटरवर एकेक माणूस उभा करून गाड्या थांबवा. अरुंद रस्त्यावर दुसरी गाडी येऊन धडकण्याचा धोका खरा असतो.

खरचटण्यावर निभावलं आणि स्वार परत सायकलवर बसणार असेल, तर आधी सायकल बघा. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल त्याला काटकोनात आहे का, पुढचा चिमटा मागे वाकला आहे का, चाक उचलून फिरवल्यावर रिम ब्रेकच्या रबराला घासते का, दोन्ही ब्रेक दाबल्यावर सायकल जागची हलते का. चिमटा वाकलेला असेल तर ढकलतच न्या, तो चालताना मोडतो. हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून धड दिसलं तरी ते बदला, आतलं थर्माकोल एकदाच दबतं.